मैद्याचा गिलावा

मुंगी मला कोणत्याच नावाने हाक मारत नसे. तिच्या आईशी माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते, आणि या चार वर्षांच्या पोरीने माझ्याशी बोलायचंच नाही असा जणू विडा उचलला होता. पाणी हवं असलं तरी आईच्या कानात सांगायची. आज बालवाडीला सुट्टी, आईला दुकानावर जाणं भाग, म्हणून घरात आम्ही दोघंच. बांधकामावर चौथ्या मजल्याच्या परांचीवर उभं राहताना वाटत नाही एवढी भीती मला वाटत होती.

"दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, थोडं तेल, कोमट पाणी," बायको चपला घालताना म्हणाली. "मळून द्या तिला खेळायला. हातांना काम मिळालं की मुलं रमतात, असं बालवाडीच्या बाई सांगतात. आणि अहो, तिच्या मागे मागे करू नका."

ती गेली. मुंगी खिडकीशी जाऊन बसली. मी बसलो, उठलो, बंद असलेला नळ पुन्हा बंद केला. शेवटी डबे काढले.

मी गवंडी, त्यातही गिलाव्याचा. परातीत मळणं मला कुठलं जमायला? ओट्यावरच मैद्यामिठाचा ढीग केला, मध्ये आळं केलं, त्यात तेल, पाणी आणि रंगासाठी बिटाचा रस सोडला आणि कडेकडेने माल आत ओढू लागलो. आळं फुटलं. गुलाबी ओघळ थेट फरशीवर. खिडकीशी काहीतरी हललं, पण मी मान वळवली नाही.

माल मात्र झकास झाला. टेबलावर फळी ठेवून त्यावर थापला आणि बाजूला झालो. मुंगी आली. आधी एका बोटाने टोचलं, मग दोन्ही मुठी खुपसल्या. वास घेतला, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. मग कामाला लागली. खड्डे, चिमटे, पुन्हा खड्डे, वर नखांच्या रेघा.

माझे तळहात शिवशिवायला लागले. समोर खडबडीत काम आणि मी गप्प, असं जन्मात झालं नव्हतं. ती पाणी प्यायला वळली आणि जित्याची खोड म्हणतात तेच झालं. ओला हात फिरवला, दोन फटक्यांत सगळं गुळगुळीत.

ती परत आली. रडली नाही, हेच वाईट.

"ती आई होती," ती गोळ्याला म्हणाली आणि टेबलाखाली शिरली.

हात दाखवून अवलक्षण. मी ओणवा होऊन माफी मागितली, बिस्किटाची लाचही देऊन पाहिली. खोलीत येरझारा घातल्या. बायको येईल, पोरगी टेबलाखाली दिसेल, तोंडाने काही म्हणणार नाही, पण उद्यापासून लेकीला माझ्यापाशी सोडताना तिचा पाय अडखळेल. मला ते नको होतं. मला या दोघी हव्या होत्या.

शेवटी फळी टेबलाखाली सरकवली, मीही आत घुसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

"कर खड्डे," म्हणालो. "मी हात लावला तर चाव मला."

तिने बराच वेळ विचार केला. मग एक खड्डा. मी कळवळलो, अगदी खरोखर. ते तिने टिपलं. पुढचा खड्डा तिने माझ्या तोंडाकडे बघत केला, त्यापुढचा मुद्दाम कडेला, कड मोडून. माझा खांदा उडाला. ती खुदकन हसली. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. छळ छळ छळलं मला.

थोड्या वेळाने तिने माझा एक हात ओढून बाहेर काढला, त्याचा अंगठा निवडला आणि पिठात दाबला.

"हे नाक," ती म्हणाली. मला म्हणाली.

बायको आली तेव्हा आम्ही तिथेच होतो. ती वाकली, बघून हसली आणि त्या खड्ड्याखड्ड्यांच्या तोंडाला बोट लावायला गेली.

मुंगीने तिचा हात बाजूला सारला. "लावू नकोस ना, आई. आमचं अजून वाळलं नाही."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी मोकळा हात पुन्हा मांडीखाली दाबला.