दोन म्हशींत बसणारे धडे

प्रियदर्शनीनं राजारामपुरीतल्या क्लासमधून एक प्रश्नावली आणली. वीस प्रश्न सोडवले की कळतं म्हणे, माणूस डोळ्यांनी शिकतो, कानांनी की हातांनी. तिनं ती आईपुढं, अनुजापुढं, ठेवली.

अनुजा बारावीच्या अर्थशास्त्रात दोनदा नापास. पास झाली तर अंगणवाडीत मदतनिसाची सेविका होणार. नवऱ्याचा, बाळासोचा, खांदा निखळल्यापासून संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर दोन म्हशी पिळायच्या, त्याही तिलाच.

आधी डोळे. गोठ्याच्या भिंतीवर रंगीत तक्ते लावले. मागणीचा वक्र म्हशीनं चाटून खाल्ला.

मग कान. धडे वाचून फोनमध्ये भरले. धार काढताना ऐकायचे.

किंमत कमी झाली की मागणी
— पाय घे गं —
वाढते, इतर परिस्थिती
— व्हय पावणं, देतो की —
कायम असताना

"वैनी, भजन तरी लावा," ग्लास धरून उभा असलेला ज्ञानू रिक्षावाला म्हणाला. "ह्यानं दूध फाटंल."

"तुझं डोस्कं फाटलं न्हाय, दूध कशानं फाटंल?"

घरी जेवताना लेकीनं विचारलं की अनुजाला एक शब्द सुचायचा नाही. बोटं आचळावर आली की पानंच्या पानं. म्हणजे कान नव्हेतच. हात.

"आता म्हस हॉलमध्ये न्यायची व्हय?" बाळासो म्हणाला.

"नुसती बोटं हलवायची, आई," प्रियदर्शनी म्हणाली. "चालतंय."

चाललं. पेपरात पहिले दोन-अडीच तास चाललं. डावा हात बाकाखाली, उजव्यात पेन.

"बाई, हात वर."

तिनं हात बाकावर ठेवला आणि तिथंच पिळत राहिली. पर्यवेक्षक बघत उभे राहिले, मग पुढं गेले.

उपयोगिता. मागणी. लवचिकता.

पुढं?

पुन्हा पहिल्यापासून ओढलं. उपयोगिता मागणी लवचिकता आणि

काही नाही. मग तिच्या ध्यानात आलं. फोन ती रोज पहिल्या धड्यापासून लावायची. दुसरी म्हैस आटोपली की बंद. पुरवठ्याचा धडा तिनं भरला होता, पण एकदाही ऐकला नव्हता.

वाईट वाटायलाही अंगात जीव नव्हता. बाक गार होता. अर्धा तास उरला होता, आणि त्या अर्ध्या तासात तिला कुणी काही मागणार नव्हतं. डोकं टेकावं.

पुरवठ्याचा नियम स्पष्ट करा.

तिनं लिहिलं: भाव वाढला म्हणून दूध वाढत नाही. दिवाळीत भाव चढतो, म्हैस तेवढंच देते. जास्त ओढलं तर लाथ मारते. काढलेलं दूध ठेवून चालत नाही, भाव पडला तरी विकावं लागतं. पिळणारीकडूनही तेवढंच निघतं.

शेवटचं वाक्य खोडलं. खाली पुन्हा लिहिलं.

फाटकाबाहेर प्रियदर्शनी मोपेड घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नियम विचारलेला, आई. तू लिवलंस त्यो अपवाद."

"पुस्तकात हाय न्हवं पण?"

"हाय. नाशवंत वस्तू म्हणून."

"मग देतील की कायतरी."

प्रियदर्शनीनं बोटांवर गुण मोजले. एकदा तेहेतीस झाले, एकदा छत्तीस. पस्तीस लागत होते. ती तिसऱ्यांदा मोजायला लागली तशी अनुजा मागं बसली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चल आता. सावकाश घे, मला डुलकी लागंल."