वरच्या मजल्यावरची माणसं

"आवं सायेब, घर कमी हलतंय तर बरंच हाय की! त्यात काय बिघडलं?" लालासाहेब गवंडी दारातूनच म्हणाले.

सुकुमारअण्णांनी संगणकावरची नजर काढली नाही. "लाजून कमी हलायला ते काय पाव्हण्याच्या घरी बसलंय व्हय? हिशोबापरमाणं हलाय पायजे."

अण्णांचं आयुष्य दुसऱ्यांच्या इमारतींना खोटे भूकंप देण्यात गेलं. पडद्यावर खांब-तुळयांचा सांगाडा उभा करायचा, हादरा द्यायचा आणि कुठला मजला किती सरकला ते बघायचं. कोयनेच्या बाजूचे खरे धक्के मलकापूरला नवे नव्हते, त्यामुळे या कामात अण्णांनी कधी चालढकल केली नाही. आज पहिल्यांदाच स्वतःच्या घराची पाळी होती. गच्चीवर एक मजला चढवायचा, म्हणजे बेंगळुरूला असलेला मुलगा आर्जव सुनेला घेऊन येईल, इथूनच नोकरी करेल. बायको गुणमाला गेल्यापासून अण्णांच्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय कुणाचा आवाज नव्हता. ते आता त्यांना सोसवत नव्हतं.

पण गाडी अडली होती. हाताने काढलेल्या अंदाजापेक्षा वरचा मजला फारच कमी सरकत होता. अण्णांनी पाया तपासला, खांबांची मापं तपासली, काँक्रीटची प्रत तपासली. सगळं जिथल्या तिथं. स्वयंपाकाच्या शालूबाईंनी भरून ठेवलेला डबा शेजारी निवत चालला होता. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घराण्याचा नेम अण्णांनी कधी मोडला नव्हता. पण आज ते हट्टाला पेटले होते.

शेवटी स्लॅबवरची वजनं उघडली आणि त्यांना हसूच फुटलं. जुन्या घराच्या फाइलवरच त्यांनी नवा मजला चढवला होता, पण जुन्या गच्चीचं गच्चीपण पुसायचं राहून गेलं होतं. संगणकाच्या लेखी तिथे भिंती नव्हत्या, सामान नव्हतं, माणसं नव्हती. जेवढं वजन, तेवढाच भूकंपाचा जोर; एवढ्या हलक्या मजल्याला तो काय हलवणार!

"घावलं, लालासाहेब! वर कुणी ऱ्हातंय हेच मी सांगितलं न्हवतं."

तेवढ्यात आर्जवचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला.

"जय जिनेंद्र, अण्णा. रागावू नका, पण आम्ही इथंच फ्लॅट घेतला. कीर्तीची नोकरीही इथंच आहे. तुम्ही आता उगाच त्या मजल्याच्या मागे लागू नका."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले. "हवा-उजेड हाय न्हवं?"

फोन ठेवून अण्णा पुन्हा पडद्याकडे वळले. लालासाहेबांनी सगळं ऐकलं होतं. ते टोपी हातात फिरवत राहिले.

"मग आता माणसं कशापाई धरायची, सायेब? ऱ्हाऊ द्या की गच्चीच."

"न्हाई. खोल्या काढल्या की माणसं धराय लागत्यात. कोण येऊ दे, न्हाईतर न येऊ दे."

अण्णांनी भिंती टाकल्या, सामान टाकलं, माणसांचं वजन टाकलं आणि हादरा दिला. पडद्यावरचं घर डुललं. वरचा मजला हवा तेवढाच सरकला आणि जागेवर आला. उत्तर जुळलं होतं.

लालासाहेब टोपी घालून निघून गेले. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. दिवस मावळला होता; आता जेवण उद्याच. अण्णांनी डबा न उघडताच बाजूला सारला आणि भूकंप पुन्हा एकदा लावला.