हेडन प्रोसरची डोईपट्टी

"त्याला तिथेच राहू दे, नेस्टा," डेस म्हणाला. "अंत्यविधीवाल्याची खोली चांगली आहे. तिथूनच परस्पर उचलू."

"तो काय पार्सल आहे?" नेस्टाने किटली आदळली. "घरी येणार तो. पुढच्या खोलीत. आणि दार उघडं राहणार."

"अगं, तेच तर! दार उघडं दिसलं की जप्तीवाले घुसतील!"

"घुसू देत."

डेस आमच्या गल्लीच्या करविरोधी समितीचा प्रमुख. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या गेलेल्या नवऱ्याबरोबर, हेडनबरोबर, उभा जन्म खाणीत घालवलेला, शेजारच्याच घरात राहणारा. मी समजावलं तर ती ऐकेल, असं त्याला वाटलं असावं. मी चहाचे कप मांडायला घेतले. कारण नेस्टाचं बरोबर होतं.

सरकारने त्या कराला काहीतरी गोड नाव दिलं होतं. आम्ही डोईपट्टी म्हणायचो. घर केवढं, कमाई किती, काही बघायचं नाही. डोकं दिसलं की पट्टी लावायची. टेकडीवरच्या बंगल्यातल्या वकिलाला जेवढी, तेवढीच हेडनला. हेडनच्या छातीत कोळशाची धूळ आणि हातात तुटपुंजी भरपाई. नेस्टा शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची, तिलाही तेवढीच. "पैसे असते तरी दिले नसते," हेडन म्हणायचा आणि मग बराच वेळ खोकायचा. दोघांनीही एक पै भरली नाही. गल्लीत बहुतेकांनी भरली नाही.

जप्तीवाल्यांना दार फोडायची परवानगी नव्हती. उघडं मिळालं तर मात्र आत येता येई, आणि एकदा आत आले की पुढच्या वेळी फोडूनसुद्धा. आता आमच्या गल्लीत दार लावायची पद्धतच नव्हती. "मी गं" म्हणायचं आणि थेट चुलीपर्यंत जायचं. निम्म्या घरांच्या किल्ल्या सापडेनात. त्या हिवाळ्यात आम्ही कड्या बसवून घेतल्या आणि एकमेकांच्या दारात पाहुण्यासारखे उभे राहू लागलो. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

पण मेलेल्या माणसाच्या घराला कडी घालत नाहीत. शवपेटी घरात आली की ती निघेपर्यंत दार सताड उघडं. येणारा न विचारता येतो, पेटीपाशी उभा राहतो, चहा पितो, जातो. हेडनची पेटी सुताराच्या असतात तशा दोन लाकडी घोड्यांवर ठेवली आणि नेस्टाने स्वतः दार उघडून ते मिटू नये म्हणून वीट लावली.

संध्याकाळी रीघ लागली. त्यात एक काळा टाय लावलेला तरुण होता. मला वाटलं, खाणकामगार संघटनेच्या कचेरीतला असेल. मीच त्याचा हात हातात घेतला, मीच त्याला पुढे जागा करून दिली. नेस्टाने त्याला चांगल्या कपात चहा दिला. हरामखोराने तो संपवला, कप खाली ठेवला आणि मग खिशातून कागद काढला.

"मिसेस प्रोसर, तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे. पण थकबाकी दोघांची आहे. मिस्टर प्रोसरांची रक्कमही तुमच्याकडूनच वसूल होते. नवरा-बायको एकमेकांच्या कराला बांधील असतात."

नेस्टाने त्याचा रिकामा कप उचलून घेतला.

"कर माणशी आहे ना?" नेस्टाने विचारलं.

"हो."

"डोक्यामागे?"

"हो, पण—"

"मग ते डोकं तिथे आहे." तिने पेटीकडे बोट केलं. "त्याचं त्याच्याकडून माग. जा ना, वाक जरा. मोठ्याने बोल, त्याला कमी ऐकू येतं."

पोराचे कान लाल झाले. पण पेन थांबलं नाही. टेबल, खुर्च्या, कपाट, घड्याळ, टीव्ही. पेटीला वळसा घालून त्याने भिंतीलगतचं सामानही टिपलं. डेसने त्याची कॉलर धरली तेव्हा मी त्या पोराचा हात पकडला होता, आणि मला त्याचे दात पाडायचे होते.

"सोडा त्याला," नेस्टा म्हणाली. "हेडन घरात असताना मारामारी नाही."

आम्ही सोडलं. अजून पस्तावतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही हेडनला टेकडीवर नेलं. आमच्याकडे दफनाला पुरुषच जातात. बाया घरी थांबून परतणाऱ्यांसाठी खायची तयारी करतात. हे जप्तीवाल्यांनाही पक्कं ठाऊक होतं. आम्ही थडग्याशी टोप्या काढून गात होतो, तेव्हा खाली गल्लीत ट्रक लागला. सोबत पोलीस होता. बायांनी शिव्या घातल्या, एकीने राखेची बादली फेकली. पण सामान गेलं.

आम्ही उतरलो तेव्हा वारा बोचत होता. नेस्टाच्या घराला दारच नव्हतं. चौकटीत नुसत्या बिजागऱ्या लोंबत होत्या. मला वाटलं, मेल्यांनी दारही नेलं. डेस धावतच आत गेला आणि उंबऱ्यावरच थबकला.

खोली रिकामी होती. मधोमध पेटीचे ते दोन घोडे तसेच उभे होते आणि त्यांच्यावर दार आडवं टाकलेलं. त्यावर पांढरी चादर, हॅमची सँडविचं, फळांचा केक, शेजारणींच्या घरांतून आणलेले नाना तऱ्हेचे कप. नेस्टाच्या हातात अजून हेडनचा स्क्रू काढायचा पेचकस होता. वाऱ्याने चादर उडू नये म्हणून तिने एका टोकावर कोपर दाबून धरलं होतं.

"बूट पुसून या," ती म्हणाली. "आणि उभ्यानेच खा. खुर्च्या नाहीत."