लग्नाखालची जाहिरात

अकोल्यात पुंजाजींचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान जोरात होतं, तेव्हा कोरी कॅसेट महाग पडायची. म्हणून ते भंगारातून परदेशी कॅसेटी आणत, पुन्हा भरता याव्यात म्हणून कडेच्या भोकावर चिकटपट्टी लावत आणि त्यांच्यावरच लोकांची लग्नं भरत. पोटच्या पोरीचं, प्रियदर्शनीचं बुद्धविहारातलं लग्नही त्यांनी स्वतःच शूट केलं, तेही अशाच एका कॅसेटवर.

आता दुकान प्रियदर्शनी चालवते. गिऱ्हाइकांच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घेता घेता तिची स्वतःचीच हाती लागली. लग्न संपलं, पडद्यावर मुंग्या आल्या आणि एक जपानी बाई हसत हसत गेम खेळायचं कसलंसं यंत्र दाखवू लागली. ते यंत्र जपानातही कोणी घेतलं नव्हतं, हे तिला नंतर कळलं. तिने कंटाळतच सगळं यूट्यूबवर टाकून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओखाली जपानहून जुन्या गेमच्या शौकिनांच्या विनवण्या सुरू झाल्या. ही जाहिरात कुठेच उरलेली नाही, तेवढं सुरुवातीचं लग्न कापून द्या.

"लगन काई कापून भेटत नाई," ती पुटपुटली आणि तसंच राहू दिलं.

मग एकाने विचारलं, "पांढऱ्या साडीतली ती नवरी एवढी थकलेली का दिसते?"

अठ्ठावीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मोबाइलने मराठीत करून दिलेली ती ओळ तिने वडिलांपुढे धरली. पुंजाजींनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"लाइट कमी होता तवा," ते म्हणाले. "म्हून तसं दिसून राह्यलं."