वायर काढलेली बेल

मित्रांनो, मी एक जुनी बेल आहे. शाळेतली नव्हे, सायकलवरची तर नव्हेच. मी दारावरची बेल. माझे बटण बाहेर चौकटीवर आहे आणि माझा डबा आत, बसायच्या खोलीत, भिंतीवर उंच लावलेला आहे. मधून एक वायर जाते. त्यामुळे बाहेरचे बोट मला कळते आणि आतले बोलणेही ऐकू येते. दोन्हीकडचे कळत असूनही माझ्या डोक्यात सगळा गोंधळच आहे. तो तुमच्यापुढे मांडावा, म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या तपासणाऱ्या बाईने मला एकदा वाजवून पाहिले, मान डोलावली आणि खोक्यात घातले. पुढे दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस धूळ खात पडले होते. मग एक वायरमन आला आणि मला घेऊन गेला. त्याने तिसऱ्या मजल्यावर भाड्याचे घर घेतले होते. खाटासुद्धा लावायच्या बाकी होत्या, पण त्याने आधी मला बसवले. "लोकांच्या दारांना इतक्या बसवल्या, आज आपल्या दाराला!" असे म्हणून त्याने मला उगीचच पुन्हा पुन्हा वाजवले. त्याच्या बायकोला सगळे शेजारी वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. त्या म्हणाल्या, "आता येऊ देत कोण यायचं ते!"

आणि लोक येत. दूधवाला घाईने निसटते बोट लावायचा. शेजारच्या आजोबांचे बोट थरथरायचे, त्यामुळे मी अडखळत वाजायचे. पण खरा अंगठा ताईचा. ताई म्हणजे वहिनींची थोरली बहीण. ती एकदा अंगठा ठेवायची तो दार उघडेपर्यंत काढायचीच नाही. वहिनी आतून ओरडत धावायच्या, "अगं हो, हो! भिंत पाडशील!" बाहेरून ताई म्हणायची, "चिंगे, झोपलीस का काय?" मग चहा, गप्पा, परत चहा, "जेवल्याशिवाय उठायचं नाही" अशी दटावणी, आणि निघताना ताईच्या नातवासाठी काहीतरी बांधून दिलेले. "बेल वाजली की घराला घरपण येतं," असे वहिनी म्हणायच्या. ते ऐकून मी फुगून जायचे.

मग घरातली बोलणी बदलली. तेल वाढले, गॅस वाढला, भाडे वाढले, मुलीची फी वाढली. मला काही उमजेना. मुलगी वाढली तेव्हा चौकटीवर खूण करून सगळे हसले होते. मग हे बाकीचे वाढले की तोंडे का उतरतात? वायरमनला पूर्वी दुपारी जेवायला फुरसत नसे. आता लोक त्याला सांगत, "राहू दे, तसंच चालवून घेतो." तो लवकर घरी यायचा. मुलीकडून पंखा चालू राहिला, तर वहिनी तिच्यावर केवढ्या कडाडायच्या! आणि थोड्या वेळाने तिच्याच केसांवरून हात फिरवत बसायच्या. त्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणे उघडायच्या आणि काहीच न काढता परत लावायच्या. आत नसलेली वस्तू पुन्हा पुन्हा कशाला बघायची?

एके दिवशी ताईचा अंगठा आला आणि मी आनंदाने खणखणले. घरात कोणी हलले नाही. वहिनींनी ओठांवर बोट ठेवले, मुलीला जवळ ओढले आणि श्वास धरून उभ्या राहिल्या. मला वाटले, माझा आवाज फुटला. म्हणून मी आणखी जोरात वाजले, तर त्या आणखीच घाबरल्या. शेवटी ताईची पावले खाली उतरली.

"अगं, सख्खी बहीण आहे ती. सावकार नाही," वायरमन म्हणाला.

"सावकार असता तर उघडलं असतं," वहिनी म्हणाल्या. "त्याला चहा द्यावा लागत नाही. साखरेचा डबा खरवडून झालाय माझा. काय देऊ तिला? आणि निघताना तिच्या नातवासाठी काय बांधू?"

"मग तसं सांग तिला."

"कोणत्या तोंडाने सांगू?" एवढे म्हणून त्या भिंतीकडे वळून रडल्या.

पुढच्या गोष्टीने तर मी आणखी चक्रावले. पुढच्या खेपेला ताईचा अंगठा बटणावर आला, पण दाबला गेला नाही. नुसता टेकला, थांबला आणि हळूच निघाला. ती मला न वाजवताच परत गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. फोनचा आवाज मोठा ठेवायची वहिनींना सवय, म्हणून मलाही ऐकू आले. "काय गं, दुपारी येऊन गेले. बेल वाजवून बोट दुखलं, कुणी उघडलंच नाही!"

वहिनी म्हणाल्या, "अय्या! बेल बिघडलीय गं आमची. मेली वाजतच नाही!"

मित्रांनो, मी भिंतीवर थक्क होऊन बसले. एकीने मला दाबलेच नव्हते आणि दुसरीला मी धडधाकट असल्याचे ठाऊक होते. दोघींनी माझ्या माथ्यावर खापर फोडले आणि दोघींचा आवाज सुटका झाल्यासारखा वाटत होता! दुसऱ्या दिवशी वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "तेवढी वायर काढून ठेवा. म्हणजे बोललेलं खोटं नको राहायला." तो स्टुलावर चढला. माझ्याकडे बघत नुसताच उभा राहिला. मग ज्या हाताने मला बसवले होते, त्याच हाताने त्याने वायर सोडवली. मी मुकी झाले; पण बटण चौकटीवरच होते, त्यामुळे बाहेरचे अजूनही कळायचे.

नंतर माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळे केले. त्याचे मला एवढे वाईट वाटले नाही. पण बहिणींचे फोन आखडत गेले आणि मग थांबले. वहिनी फोन हातात घ्यायच्या, "ती तरी कुठे करते?" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. या दोघी कायमच्या तुटणार, अशी मला भीती वाटू लागली. वाजता तर येत नव्हते.

अशीच एक दुपार होती. जिन्यावर दमलेली पावले आली. ताई! बसचे भाडे वाढले होते म्हणून ती चालत आली असावी. पण दाराशी येण्याऐवजी ती वरच्या पायरीवर बसली. पिशवीतून कागदात गुंडाळलेला कोरडा पाव काढला आणि भराभर खाऊ लागली. "जेवून आले म्हणायचं," ती स्वतःशीच पुटपुटली, "म्हणजे चिंगीला घोर नको." मग शेवटचा घास तोंडात कोंबून ती उठली आणि तिने बटण दाबले. अगदी पूर्वीसारखे, पूर्ण!

मित्रांनो, मी सगळा जीव एकवटला. पण वायरच नाही, तर काय करणार? तिने पुन्हा दाबले. आत शांतता. "आता खरंच नकोशी झाले हिला," असे ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की ते मलाच ऐकू आले. ती वळली आणि तो कोरडा घास घशात अडकून तिला जोराचा ठसका लागला.

आत वहिनी उसवलेला गणवेश शिवत होत्या. त्यांनी मान वर केली. "हा ठसका ताईचा!" म्हणत त्या उठल्या, पाण्याचा पेला भरला आणि दुसरा काही विचार करायच्या आत दार उघडून बाहेर आल्या.

ताई पाणी प्यायली. डोळे पुसत म्हणाली, "जेवून आलेय हं मी. काही करत बसू नकोस."

"कुठे जेवलीस?"

ताईने पायरीवरचा कागद पायाने मागे सारला. वहिनींनी तो पाहिला. त्या मटकन पायरीवरच बसल्या.

"माझ्या दारात बसून कोरडा पाव खाल्लास, ताई?"

"मग काय करू? तुझ्याकडे आले तर तुला खर्च, तू आलीस तर मला खर्च. माझ्या घरात आहे कुठे काय?"

"तुझ्या घरातही नाही?" वहिनींनी विचारले. इतके दिवस हा विचार त्यांना शिवलाही नव्हता. मग दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता गळ्यात पडून रडल्या. माझे बटण तिथेच चौकटीवर होते, पण कुणी माझ्याकडे बघितले नाही.

संध्याकाळी वायरमन आला, तेव्हा दोघी बिनसाखरेचा चहा पीत होत्या. त्याने स्टूल ओढले, जाळे झटकले आणि वायर जोडली.

भाव अजून उतरलेले नाहीत. वहिनी अजूनही डबे उघडून बघतात, कधीकधी रडतात. पण ताई येते, रिकाम्या हाताने येते आणि रिकाम्या हाताने जाते. "माझ्याकडे नाही" हे साधे वाक्य बोलण्यापेक्षा बहीण गमावणे या माणसांना सोपे का वाटले, हे मला अजूनही कळलेले नाही. तुम्हाला कळले तर मला सांगा.

आणि एक विनंती. हल्ली शेजारच्या दारावरची बेलही वाजत नाही. समोरचीही नाही. त्या खरोखर बिघडल्या आहेत, की कुणी स्टुलावर चढून त्यांच्या वायरी काढल्या आहेत, हे मला इथून दिसत नाही. मित्रांनो, तुम्ही कुणाच्या दारात उभे राहिलात, तर बटण पूर्ण दाबा. आणि बेल वाजली नाही, तर लगेच परत फिरू नका. एकदा नावाने हाक मारून बघा.