काकूंचे दोन शब्द

पाळकसाहेबांना जाऊन तीन महिने झाले, तेव्हा चर्चच्या मंडळीनं स्मरणसभा ठरवली. "काकू, शेवटी तुम्ही दोन शब्द बोला," असं सेक्रेटरी त्यांच्या बायकोला, काकूंना, सांगून गेला. उभ्या जन्मात त्या चार माणसांसमोर बोलल्या नव्हत्या. बोलणं हा ह्यांचा प्रांत. काकूंचा प्रांत म्हणजे ह्यांनी बोलून बोलून घरी आणलेल्या माणसांना जेवायला वाढणं.

आणि माणसं तरी कसली कसली! तुरुंगातून सुटलेले, नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या, दारू सोडण्याची शपथ घेऊन ती संध्याकाळपर्यंत विसरणारे. पाळकसाहेबांनी उपदेश कमी केला आणि लष्कराच्या भाकऱ्याच जास्त भाजल्या. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काकू नटूनथटून बसल्या होत्या, तर हे कुणाच्या तरी भांडणात समेट घडवायला गेले ते दुसऱ्या दिवशी उगवले. काकूंनी आठवडाभर अबोला धरला. त्या अबोल्यातही साहेब पाहुणे घेऊन आलेच. वर त्यांना दारातच सांगितलं, "बायको सध्या बोलत नाही, पण स्वयंपाक फर्मास करते." काकूंना हसू आवरेना, आणि अबोला तिथंच मोडला.

आता चर्चच्या आवारातलं ते घर सोडायचं होतं. महिनाअखेर नवे पाळक येणार, आणि काकू लेकीकडे जाणार. खरं सांगायचं तर त्यांना थोडं हायसं वाटत होतं. हायसं वाटतंय म्हणून वाईटही वाटत होतं.

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. काकू मागच्या स्वयंपाकघरात कपबश्या मांडत एक कान भाषणांकडे देऊन होत्या. "त्यांचं घर म्हणजे सर्वांसाठी उघडं दार!" शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "आपण त्यांचा वसा पुढे नेला पाहिजे," दुसरं कुणी म्हणालं. टाळ्या पडल्या. मग मंडळीचे खजिनदार उठले. पाळकसाहेबांशी तीस वर्षं भांडलेला माणूस. "मी त्यांच्या प्रत्येक योजनेला विरोध केला. बहुतेक वेळा माझंच बरोबर होतं," एवढं बोलून ते खाली बसले. हॉलमध्ये कुजबुज झाली. काकूंना मात्र सगळ्या भाषणांत तेच खरं वाटलं.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. साठीचा एक माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"पाळकसाहेब आहेत का?"

"ते गेले," काकू म्हणाल्या.

"कधीपर्यंत येतील?"

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. मग त्यांनी नीट सांगितलं. माणसानं पिशवी उंबऱ्याशी ठेवली.

"मला वाटलं, माझ्यावर रागावले," तो म्हणाला. "दर मंगळवारी यायचे. अचानक बंद झाले. मी तरी शर्ट बदलून बसायचो."

तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर होता. डोकं बिघडलं म्हणून घरच्यांनी मनोरुग्णालयात ठेवलं, आणि बरा होऊनही वर्ष उलटलं तरी न्यायला कुणी आलं नाही. "भाऊ म्हणतो, घरात पोरं आहेत. पाळकसाहेब म्हणाले होते, सुटलास की सरळ माझ्याकडे ये. आज डॉक्टरांनी सोडलं."

काकूंची नजर नकळत ओट्यावरच्या सुरीकडे गेली. त्याच्या ते लक्षात आलं. तो दोन पावलं मागे सरकला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठोपाठ नवऱ्याचा रागही आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! वर जाऊनसुद्धा ह्या माणसाचं पाहुणे पाठवणं थांबत नाही म्हणजे काय! पण राग येईपर्यंत हातांनी स्टूल पुढे ओढलं होतं, चहा ओतला होता आणि बिस्किटं बशीत काढली होती.

"आता काकू दोन शब्द बोलतील," हॉलमधून सेक्रेटरीचा आवाज आला.

काकूंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. पिशवी घ्या."

व्यासपीठावर त्याला बघून पुढच्या रांगांनी एकमेकांकडे पाहिलं. 

"मला ह्यांच्यासारखं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "हे पेंटर आहेत. मनोरुग्णालयातून आलेत. बरे होऊन वर्ष झालं, पण जायला जागा नव्हती. आमच्या ह्यांनी त्यांना आपल्याकडे ये म्हणून सांगितलं होतं. माझं तर घरच सुटतंय. मघापासून तुम्ही सगळे उघड्या दाराबद्दल बोलताय, मी आतून ऐकलं. फार छान बोललात. तर, कुणाकडे एखादी रिकामी खोली आहे का?"

 दोन बंगल्यांचे मालक मोबाईल चाचपू लागले. मोठ्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "अशा लोकांसाठी संस्था असतात ना, काकू…"

"राहू द्या, काकू. मी जातो," पेंटर पुटपुटला आणि पायऱ्या उतरू लागला.

"ती पिशवी खाली ठेवा हो!" मागून कुणीतरी खेकसलं. खजिनदार उठून उभे होते. "माझ्याकडे वरची खोली आहे. छत गळतं, आणि माझा स्वभावही बरा नाही, आधीच सांगतो. पाळकसाहेब असते तर मी नाहीच म्हणालो असतो. आता वाद घालायला समोर माणूसच उरला नाही, तर नाही कुणाला म्हणू?"

कुणीतरी हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. मोठ्या बाईंनी मान खाली घातली. पण चहाच्या वेळी त्यांनीच पेंटरजवळ येऊन शाळेच्या पाटीचा रंग उडाल्याचं सांगितलं.

आठवड्यानं खजिनदार तणतणत काकूंकडे आले. "त्यानं मला न विचारता माझा जिना रंगवला. हिरवा! आणि म्हणतो, इस्पितळात त्याच्यासारखे आणखी दोघे बसून आहेत, मंगळवारी त्यांना भेटायला जाऊ. मी साफ नाही म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग काय! गाडी किती वाजता काढू, ते विचारायला आलोय."

"दहाला काढा," काकू म्हणाल्या. "मी जेवणाचे डबे घेते. उपाशी माणसाला धीर देऊ नये, आधी वाढावं, असं हे म्हणायचे."

असं पाळकसाहेब कधीच म्हणाले नव्हते. ते काकूंचं स्वतःचं होतं.