सतरावं पाऊल

इंद्रभान एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी देऊळघाटच्या घरावर एक मजला चढवला. काम गावातल्याच नौशाद मिस्त्रीनं केलं. जिन्याला सोळा पायऱ्या, सतरावं पाऊल थेट वरच्या दारात. वरच्या खोल्या धम्मशीला नावाच्या नर्सला भाड्यानं दिल्या. ती रोज बुलढाण्याला दवाखान्यात जायची.

पहिल्याच आठवड्यात गॅसवाला सिलिंडरसकट तिच्या दारात लोळला. मग तिचा भाऊ. मग पाहुणे. इंद्रभानांकडे प्रत्येकासाठी कारण तयार असायचं. याची चप्पल घसरली, त्याचा चष्मा जुना. ते स्वतः दोनदा पडले तेव्हा गुडघ्याचं नाव सांगितलं.

धम्मशीलाला कामामुळे नोंद ठेवायची सवय होती. तारीख, नाव, पायरी असं ती लिहीत गेली. महिनाभरानं तिनं वही खाली आणली.

"काका, एकोणीस जण अडखळले. चपला एकोणीस तऱ्हेच्या, पन जागा एकच. शेवटची."

इंद्रभानांनी वही वाचली आणि तडक नौशाद मिस्त्रीचं काम चालू होतं तिथं गेले. चार मजुरांसमोर म्हणाले, "तुले मोजता येत नाही काय बे? मंग मिस्त्री काऊन झाला?"

नौशादनं हातातली थापी खाली ठेवली. त्यानंतर तो त्या गल्लीतून जाईनासा झाला.

पुढच्या सोमवारी इंद्रभानांची बायको जनकाबाई चहा घेऊन वर गेली आणि तिथंच पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ती ब्लाउज, परकर शिवायची. ऐन लग्नसराईत मशीनवर चादर पडली.

चार दिवस तिनं भिंतीकडे पाहून काढले. पाचव्या दिवशी शिवणाची टेप धम्मशीलाच्या हातात दिली. "जाय बाई, एकेक पायरी मोजून ये."

सोळा पायऱ्या सात-सात इंचांच्या निघाल्या. शेवटचं पाऊल नऊ इंचांचं.

"पाहा!" इंद्रभान म्हणाले. "दोन इंच चुकला का नाही?"

"वरची फरशी कोनं बदलली?" जनकाबाईनं विचारलं.

जिना झाल्यावर एका नातेवाइकाच्या पाडलेल्या घरातली जाड शहाबादी फरशी इंद्रभानांनी फुकटात आणली होती आणि दुसऱ्याच माणसाकडून वर बसवून घेतली होती. त्यांनी टेप वर नेऊन शेवटचं पाऊल पुन्हा मोजलं. टेपवर नऊच होते.

दुसऱ्या दिवशी ते नौशादकडे गेले. "फरशी मीच बदलली होती. लोकायसमोर तुले बोललो. चुकलं माह्यं."

ते चार मजूर त्या दिवशी कामावर नव्हते. म्हणून इंद्रभान दोन दिवसांनी पुन्हा गेले आणि त्यांच्यासमोर तेच पुन्हा म्हणाले.

नौशाद आला. जिना खालून पाहिला, वरून पाहिला. "भाऊ, अख्खी फरशी उखडा लागते."

"काऊन?" जनकाबाई म्हणाली. "परकराचा घेर दोन इंच जास्त निंगाला तं मी एकाच चुणीत कोंबतो काय? समद्या चुण्यायमंधी थोडा थोडा वाटतो."

नौशादनं कानावरची पेन्सिल काढली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्री लोकांचा हिशेब त्यातच चालतो.

"दोन इंच म्हणजे सोळा सूत," तो म्हणाला. "पायऱ्या बी सोळा. पयली एक सूत उचलू, दुसरी दोन, तिसरी तीन. सोळावी पुरी दोन इंच."

"सोळावी दोन इंच वर गेली तं लोक तिथं पडतीन," इंद्रभान म्हणाले.

"पंधरावी बी वर गेली ना भाऊ. सोळावीहून फक्त एक सूत कमी."

इंद्रभानांनी आयुष्यभर चालत्या गाडीत तिकिटांचा हिशेब केला होता. त्यांनी बोटांवर दोनदा मोजलं आणि मान हलवली.

तीन दिवस लागले. पायऱ्यांवरच्या फरश्या निघाल्या, खाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर वाढवत वाढवत परत बसल्या. एक सुताचा फरक कोणाच्या पायाला कळला नाही. घरचे मात्र पंधरा दिवस दारात पाय उगाच उंच उचलायचे, आणि तो धपकन खाली आपटायचा.

प्लास्टर निघालं त्या दिवशी जनकाबाई भिंतीला हात लावत वर गेली. दारात पाय अडखळला नाही. मनकर्णाबाईचा शिवायला आलेला परकर गुरुवारपर्यंत द्यायचा आहे, असं म्हणाली आणि खाली आली.